एका बाईच्या चार ओळी

अशोक चौकात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत
मी विडी कामगार बायांची यादी लावते.
एप्रिल. पंखा गरम हवाच इकडून तिकडे नेतो,
भिंतीपलीकडे टॉवेलचे माग
खटाक् खटाक्, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

यादी अशी आली होती:
नरसव्वा इराबत्ती, कार्ड नंबर चारशे बारा,
रोजच्या विड्या आठशे,
आणि शेवटच्या रकान्यात
एकाच रिक्षात शाळेला धाडावीत तशी कोंबलेली पोरं,
अंबादास स्वल्पविराम लावण्या स्वल्पविराम
रोहिणी स्वल्पविराम व्यंकटेश.

शाळांची यादी वेगळी. तिथे ज्याला त्याला स्वतःची ओळ.
दोन्ही याद्या एकमेकींना ओळखेनात.
गुंटूक सर म्हणाले, रकाना फोड.
जितकी पोरं तितक्या ओळी,
आईचं नाव दर ओळीत पुन्हा.

फोडला.
नरसव्वा खाली खाली उतरत गेली,
अंबादासशेजारी एक, लावण्याशेजारी एक,
रोहिणीजवळ, मग व्यंकटेशला घेऊन चौथी.
चारही ठिकाणी तेच कार्ड, तेच वय, त्याच आठशे.

मला ते खोटं नाही वाटलं.
माझी आईही अशीच होती.
एक माझ्या तापाशी,
एक भावाच्या फीच्या रांगेत,
एक सुपापुढे, कात्रीने पान कापत,
आणि एक ब्रँचवर उभी,
छाट म्हणून बाजूला फेकलेल्या विड्यांकडे बघत.
सगळ्या एकाच दुपारी.

मग मी बेरीज दाबली
आणि अख्खं विडी घरकुल श्रीमंत झालं.
दिवसाला बावीस लाख विड्या!
एवढं पान जंगलात तरी असेल का, सर हसले.
जिला सहा पोरं तिची मजुरी सहापट.
दुरुस्ती दोन मिनिटांची होती.
पण चहा यायचा होता,
तो येऊन, पिऊन, कपबशी खाली जाईपर्यंत
मी तो आकडा तसाच राहू दिला.

मग मजुरी आयांच्या तक्त्यात, एकेकदाच.
पोरांच्या तक्त्यात नुसता कार्ड नंबर.
बांधायला एवढा दोरा पुरतो.

दुसऱ्या दिवशी बायका कमी भरल्या.
अकराशे सात होत्या,
जोडलेल्या यादीत एक हजार त्रेसष्ट.
चव्वेचाळीस जणी?
कुणी मेलं नव्हतं, कुणाचं कार्ड रद्द नव्हतं.
त्यांचा शेवटचा रकाना रिकामा होता.
फोडायला काही नाही, म्हणून ओळच नाही.
त्यांना कुणी हाकललं नव्हतं,
बोलावलं नव्हतं एवढंच.

त्यात लक्ष्मम्मा गड्डम.
तिला मी ओळखते. कुंभारीच्या बसमध्ये खिडकीशी बसते,
मांडीवर पिशवी, पिशवीत हजाराचा माल,
मोजायला गेलात तर एकही छाट निघणार नाही.
गेल्या वर्षी फॉर्म भरताना मीच विचारलं होतं,
मुलं?
एवरू लेरु, म्हणाली. कुणी नाही.
आणि जाताना शेंगाचटणीची पुडी
माझ्या कीबोर्डवर ठेवून गेली.
अजून एका बटणाखाली तिखट आहे,
दाबलं की करकरतं.

मी नियम बदलला.
पोर असो नसो, आईची,
नाही, बाईची,
एक ओळ राहील. शेजारी मोकळं.
चव्वेचाळीस जणी परत आल्या,
काही न बोलता, आपापल्या नंबरावर बसल्या.

सर म्हणाले, मोकळ्या जागी काय टाकायचं? शून्य?
शून्य टाकलं की वाटतं कुणीतरी मोजून गेलं.
नको, म्हटलं. असू दे.

माग पुन्हा सुरू झालेत.
सातशे एकोणनव्वद,
गड्डम लक्ष्मम्मा, विड्या हजार,
आणि पुढे, काठापर्यंत, पांढरं.